भिंत वाळेपर्यंत

भिंतीवरच्या प्रत्येक फुलीपुढे बारीक भोकांच्या जोड्या होत्या. जोडीतल्या दोन भोकांमध्ये अडीच सेंटिमीटर अंतर, एका जोडीपासून दुसरीपर्यंत एक बोट. ओलावा मोजायच्या यंत्राला दोन सुया असतात आणि त्या रोज नव्या जागी टोचाव्या लागतात. जुन्याच भोकांत टोचल्या तर त्या सैल बसतात आणि आकडा चुकतो. त्यामुळे जोडी रोज एक बोट पुढे सरकत होती. नऊ फुल्या, प्रत्येकीपुढे अठरा जोड्या. लांबून पाहिलं तर नऊ लहान पक्षी भिंतीवरून एकाच दिशेने चालत गेल्यासारखं दिसे.

शुक्रवारी तिने एकोणिसावी जोडी टोचली. यंत्रावर आकडा आला अकरा पूर्णांक नऊ. तिने वहीत लिहिलं, सोळा पूर्णांक तीन.

पुढच्या फुलीकडे सरकण्याआधी तिने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं नोकरी झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिने एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. एकदा साहेबांनी "जरा जमवून घ्या" म्हटलं, तेव्हा तिने तो नमुना पुन्हा तपासला आणि तोच आकडा दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहून दिला. सासरी आली तेव्हा नणंदेने महिन्याभरात तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. नणंद तिच्याहून जेमतेम पाच आठवड्यांनी मोठी. तेवढ्या भांडवलावर ती मोठेपणा गाजवी, आणि ही तिला मुद्दाम, मान लववून, 'वन्सं' म्हणे.

ही खोली तिची होती. म्हणजे तिची आणि नवऱ्याची. नवरा जाऊन पाच वर्षं झाली. दुखणं चार महिन्यांचं. सासऱ्यांना ती बाबा म्हणे. तेव्हा "वर्षभर राहते बाबांजवळ, मग बघू" असं ती मनाशी म्हणाली होती. वर्ष झालं, दुसरंही झालं. मग बघायचं ते राहूनच गेलं.

घर जुनं. खोलीच्या भिंतींना कमरेच्या थोडं वरपर्यंत लाकडी फळ्या, फळ्यांच्या डोक्यावर काठपट्टी, खाली जमिनीलगत वीतभर रुंद तळपट्टी. मागच्या हिवाळ्यात झाडताना तिचा पाय तळपट्टीला लागला आणि अंगठा आत गेला. लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. वरच्या न्हाणीघराचा नळ भिंतीच्या आत गळत होता, किती वर्षं कोण जाणे. नळ बदलला, फळ्या उतरवल्या, कुजक्या होत्या त्या टाकल्या. इथपर्यंत सगळं भराभर झालं. मग मिस्त्रीने अट घातली.

"यंत्रावर पंधराच्या खाली आल्याशिवाय मी फळी लावणार नाही. ओल्या भिंतीवर लाकूड ठोकायचं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधायची. वरून झकास दिसतं." मिस्त्री साठीला टेकलेला, एका कानामागे दोन पेन्सिली खोचणारा. एक खुणेची, एक हरवायची, असं तो सांगे. "यंत्र ठेवून जातो. रोज मोजणार कोण?"

सासरे हसले होते. "या घरात हा प्रश्न विचारतात होय?"

सासऱ्यांची हयात कारखान्याच्या आराखडा विभागात गेली होती. एकोणऐंशी वर्षांचे, पण हात अजून थरथरत नव्हता. त्यांनी जेवणघराच्या भिंतीला आलेखाचा कागद चिकटवला. रोज संध्याकाळी ते तिची वही घेत, नऊ आकड्यांची सरासरी काढत आणि टोकदार पेन्सिलीने एक ठिपका देत. मग चष्मा कपाळावर सरकवून ठिपक्याकडे बघत राहत.

त्या आलेखाशेजारी दुसरा कागद होता, खोलीचा आराखडा. तो त्यांनी तीन आठवडे खपून काढला होता. प्रत्येक फळीची रुंदी, प्रत्येक खाच. खिडकीखाली टेबल, टेबलाशेजारी पुस्तकांचं कपाट. तो दाखवताना त्यांनी काठपट्टीवर बोट ठेवलं होतं.

"ही बघ, नेहमीपेक्षा जाड घेतलीय. आणि मागून पोकळ, बोटं आत जातील अशी. पलंगापासून दारापर्यंत सलग. कळलं का कशासाठी?"

"नाही, बाबा."

"तू ऐंशीची होशील तेव्हा धरून चालायला. मी आता चाचपडतो ना जिन्यावर, तेव्हा मनात येतं, आपण आधी सोय केली असती तर. तुझी उंची धरून काढलीय. म्हातारपणी माणूस चार सेंटिमीटर खचतो, तेही वजा केलंय."

ती चव्वेचाळीस वर्षांची होती. तिने कागदावर पाहिलं. पलंगापासून दारापर्यंत एक बारीक रेघ, रेघेवर बाण, बाणावर लांबी. पुढची छत्तीस वर्षं, एकास वीस या मापात. "छान झालंय," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, आराखडा खरोखरच छान झाला होता.

त्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला होता. मैत्रीण तिच्या वर्गातली. नदीच्या वरच्या अंगाला, सहा तासांच्या अंतरावरच्या गावात नवी प्रयोगशाळा निघाली होती आणि मैत्रीण तिची प्रमुख झाली होती. सूक्ष्मजीवांचा विभाग उभा करायचा, अगदी पहिल्या काचपट्टीपासून. बी.एस्सी.च्या वर्गात दोघी ज्या गोष्टीची स्वप्नं बघत ती हीच. "ये," मैत्रीण म्हणाली. "कळवते," ती म्हणाली. दोनदा मुदत वाढवून झाली होती.

कळवायचं म्हणजे आधी बाबांना सांगायचं. बाबांना सांगायचं म्हणजे कागद गुंडाळून ठेवा म्हणायचं. रोज सकाळी ती ठरवी की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी ते विचारत, "आज किती?"

अकराव्या दिवशी भिंत पंधराच्या खाली उतरली. चौदा पूर्णांक आठ. तो आकडा यंत्रावर आला तेव्हा तिला एवढंच कळलं की आता फळ्या लागतील, काठपट्टी लागेल, आणि बाबा म्हणतील, चालून दाखव. तिने वहीत सोळा पूर्णांक नऊ लिहिलं. एकच दिवस, असं तिने स्वतःला बजावलं. उद्या सांगायचं आणि उद्याच खरा आकडा लिहायचा.

दुसऱ्या दिवशी कालच्या खोट्याला आजचं खोटं जोडावं लागलं. नुसते आकडे लिहून भागणार नव्हतं. बाबा आलेख काढत होते आणि आलेख वाचणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. तिला माहीत होतं, भिंत वाळते ती आधी झपाट्याने आणि मग हळूहळू. म्हणून तिने तशीच वाळणारी भिंत वहीत रचली. फक्त ती सोळाच्या आसपास येऊन रेंगाळत होती. खिडकीजवळच्या फुल्या थोड्या कमी, कोपऱ्यातली थोडी जास्त. एखाद्या दिवशी किंचित वर, कारण खऱ्या मापात असे चढउतार असतातच. शेवटचा अंक ती सारखा येऊ देत नसे. बावीस वर्षांत तिने दुसऱ्यांचे बनावट तक्ते पकडले होते, ते याच खुणांवरून. आपला तक्ता आपल्यालाही पकडता आला नसता, हे तिच्या लक्षात आलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

खोली रिकामी असल्यामुळे ती जेवणघरात झोपत होती. तिच्या खाटेच्या दोन्ही अंगांना नव्या फळ्या रचलेल्या, मध्ये मध्ये काड्या घालून, छातीइतक्या उंच. ये-जा करायला चाळीस सेंटिमीटरची गल्ली. कूस बदलली की कोपर लाकडाला लागे.

"एवढे दिवस घरात कशाला ठेवायच्या?" तिने मिस्त्रीला पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"घराची हवा लागू द्यावी लागते, ताई. नवं लाकूड आणि नवी सून, आल्या आल्या कामाला जुंपली की वाकडी होते."

"आणि हवा लागली की?"

"मग काय, जिथे ठोकाल तिथे राहते."

त्यावर बाबा खो खो हसले होते. तीही हसली होती.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी एकोणिसावा ठिपका दिला, लांब पट्टी घेतली आणि शेवटच्या आठ ठिपक्यांवर ठेवली. नणंदेचा फोन आला होता. तो टेबलावर उताणा पडून बोलत होता.

"अजून वाळली नाही? माझे केस वाळायला एवढा वेळ लागत नाही, आणि ते कमरेपर्यंत होते तेव्हाही लागत नव्हता."

"ऐक," बाबा म्हणाले. "ही रेघ पंधराला टेकतच नाही. पुढच्या वर्षीपर्यंत ओढली तरी नाही. म्हणजे पाणी येतंय कुठून तरी. थोडं, पण रोज."

"बाबा, नळ बदललाय ना?" नणंद म्हणाली.

"एक बदलला. फरशीखालून दुसरा जातो. मी सकाळीच नळवाल्याशी बोललो. सोमवारी येतो. न्हाणीघराची फरशी फोडून बघायची."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "सगळी फरशी?"

"सगळी. आणि नाही सापडलं तर जिन्याकडची भिंत." ते उत्साहात होते. "मला वाटलंच होतं. मिस्त्री म्हणत होता यंत्र तपासा. मी म्हटलं, बाबा रे, यंत्र चुकेल, ही चुकायची नाही."

"ते खरंय," फोनमधून नणंद म्हणाली. "मोजपट्टी चुकली तर आपण शाळेत शिकलो तेच चुकलं म्हणायचं. पण बाबा, महिनाभर न्हाणीघर नाही म्हणजे तुम्ही अंघोळीला कुठे जाणार?"

"खाली आहे की मोरी. बादली घेईन."

"एकोणऐंशीव्या वर्षी बादल्या उचलणार?"

"तिच्यासाठी करतोय, उचलेन." मग तिच्याकडे न बघता, पट्टी पुसत ते म्हणाले, "ती नसती तर हे घर मी कधीच विकून टाकलं असतं. कोणासाठी राखायचं?"

नणंद म्हणाली, "वहिनी, ऐकतेस ना? तू आहेस म्हणून मला इकडे झोप लागते हो."

"ऐकतेय, वन्सं," ती म्हणाली.

शनिवारी तिला अर्धी सुट्टी असे. ती घरी आली तेव्हा मिस्त्री तिच्या खोलीत गुडघ्यांवर बसला होता. बाबा दुकानात ड्रॉइंगचा कागद आणायला गेले होते. मिस्त्रीने तिला हाताने बोलावलं. भिंतीवर, कोपऱ्याजवळ, हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवलेलं होतं.

"हे काल संध्याकाळी तुमचं मोजून झाल्यावर लावलं," तो म्हणाला. "आमचं जुन्या लोकांचं यंत्र. भिंत ओली असली की आतून घाम धरतं." त्याने एक कडा सोलली, प्लास्टिक उलटं केलं आणि तिच्या हातात दिलं. ते कोरडं होतं. तिने अंगठा फिरवला, अंगठाही कोरडा राहिला. "कोपऱ्यात. सगळ्यात वाईट जागी."

तिने प्लास्टिक उजेडाकडे धरून पाहिलं.

"यंत्राची बॅटरी उतरली असेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "उतरली की जास्त दाखवतं कधी कधी. तुम्ही तसं म्हणा, मी मान डोलावतो. मग सोमवारी नळवाल्याला परत पाठवू, मंगळवारी मी फळ्या चढवतो. आठवड्यात खोली तयार."

तिने प्लास्टिकची घडी घातली, मग आणखी एक घडी. बॅटरी. किती सोपं होतं. बॅटरी म्हटलं की आकड्यांचं खोटं झाकलं जाई, फरशी वाचे, बाबांच्या बादल्या वाचत. आणि मंगळवारी फळ्या चढत.

"बॅटरी मी बाराव्या दिवशी बदललीय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही."

मिस्त्रीने कानामागची एक पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं आणि परत खोचली. "मी लोकांच्या घरांत काम करतो, ताई. भिंती उघडतो, बंद करतो. आत काय दिसलं ते सांगत फिरत नाही. पण नळवाला तसा नाही. तो सोमवारी नऊला येईल आणि साडेनऊला घण घालेल. त्याला विचार करायची सवय नाही."

रविवारभर ती बाबांच्या मागे मागे होती. त्यांनी न्हाणीघरातल्या वस्तू खाली आणल्या. तीही आणू लागली. साबणाची वडी, आरसा, खुंटीवरचे टॉवेल. प्रत्येक खेपेला जिन्यावर ती तोंड उघडी आणि प्रत्येक खेपेला बाबा आधी बोलत. बादली डाव्या हातात घ्यावी की उजव्या, मोरीला पडदा कुठला लावावा. ते थकले होते आणि आनंदात होते. कित्येक महिन्यांत ते असे दिसले नव्हते. दुपारी तिने "बाबा, जरा बसता का?" म्हटलं. ते बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डोळा लागला. ती समोरच्या खुर्चीत पाऊण तास बसून राहिली, ते जागे व्हायची वाट बघत. जागे झाल्यावर ते म्हणाले, "काय गं, काही म्हणत होतीस?" आणि ती म्हणाली, "चहा ठेवू का, एवढंच."

चहाबरोबर फोनवर मैत्रिणीचा निरोप आला. 'उद्या बारापर्यंत कळव, एक तारखेला रुजू व्हायचंय. मग मला दुसऱ्या नावावर सही करावी लागेल. रागावणार नाही, पण पुन्हा विचारणारही नाही.'

सोमवारी नळवाला पावणेनऊलाच आला. अंगाने दणकट, घण खांद्यावर. त्याने न्हाणीघराच्या उंबऱ्यात उभं राहून फरशीवर नजर फिरवली. फरशी पांढरी, मध्ये निळी चौकट. एकही लादी तडकलेली नव्हती.

"अशी फरशी आता मिळत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "फोड."

मिस्त्री जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता. त्याला बोलावलं नव्हतं. पट्ट्यांना कानस मारायला आलोय असं त्याने खाली सांगितलं होतं, पण कानस काही हातात दिसत नव्हती. ती बाबांच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चौघं एवढ्याशा जागेत उभी, खाली जायचं तर मिस्त्रीला हलावं लागलं असतं. तो हलला नाही.

"कुठून सुरू करू?" नळवाल्याने विचारलं.

बाबांनी खिशातून कागद काढला. नळाची वाट त्यांनी लाल रेघेने दाखवली होती. "इथून. सुनेच्या मापाप्रमाणे कोपऱ्यात ओल जास्त आहे, म्हणजे गळती याच अंगाला असणार."

नळवाल्याने पाय फाकवले. लादीवर घण नुसता टेकवून जागा पाहिली. टक्, असा बारीक आवाज झाला.

"थांबा," ती म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"भिंत कोरडी आहे. अकरा दिवसांपूर्वीच वाळली. शुक्रवारी बाराच्याही खाली होती."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू ती लांब उभी होती. "मग वहीत?"

"वहीत मी खोटं लिहिलं."

"चुकून?"

"नाही. बसून, विचार करून. रोज नऊ आकडे."

नळवाल्याने घण जमिनीवर उभा केला आणि दांड्यावर हात ठेवून मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री छताकडे बघत होता.

"मला कळत नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "तू? खोटा आकडा? अगं, आलेख किती सुरेख पडला होता."

"पडणारच होता. तुम्ही बघणार हे मला माहीत होतं."

"पण कशासाठी?"

हाच प्रश्न येणार हे तिला अकराव्या दिवसापासून माहीत होतं आणि तिने त्याची चार-पाच उत्तरं तयार ठेवली होती. सौम्य, टप्प्याटप्प्याने पुढे जाणारी. आधी मैत्रिणीचा फोन सांगायचा, मग प्रयोगशाळा कशी आहे ते, मग दर पंधरा दिवसांनी येईन हे. आता त्यातलं एकही आठवेना. बाबा हातातल्या कागदावरच्या लाल रेघेवरून बोट फिरवत होते. ते बघताना तिला पुन्हा वाटलं की अजूनही बॅटरी म्हणता येईल, चूक झाली म्हणता येईल, सगळं गोड करून खाली जाऊन चहा टाकता येईल. मिस्त्रीने मानही डोलावली असती.

"वहीत भिंत वाळली असती तर खोली झाली असती," ती म्हणाली. "खोली झाली की मला तिच्यात राहावं लागलं असतं."

"तुझीच खोली आहे ती. बदल हवा होता का काही? काठपट्टी नको होती? रंग?"

"आराखड्यात काही चूक नाही, बाबा. एक रेघही चुकलेली नाही."

"मग?"

तिने भिंतीपासून पाठ सोडवली.

"बाबा, मी या घरातून जातेय," ती म्हणाली. "दुसऱ्या गावी नोकरी घेतेय, एक तारखेपासून, आणि मी राहणार तिकडेच."